प्रात्यक्षिक वही

मॅडमनी फळ्यावर आडवी रेघ ओढली.
डावीकडे शून्य, उजवीकडे साठ.
साठच्या पुढे फळाच संपला.

मी एकेचाळीस. वर्गातली पोट्टी मला काकू म्हणतात,
अंगणवाडीतली म्हणतात बाई.
घाटंजीहून परतताना काळी-पिवळीत
'मध्य प्रौढत्व' गुडघ्यावर उघडते,
शेजारची डोकावली की मिटते.

वहीत प्रत्येक टप्प्याचा एक माणूस हवा.

पहिला, सुनंदा मेश्रामचा अकरा दिवसांचा.
तळव्याला बोट लावलं, तर धरूनच बसला.
पुस्तकात याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.
वाचलेलं होतं, तरी
बोट सोडवायला मी उशीर केला.

किशोरावस्था कानापर्यंत लाल झाली:
"माहं नाव नोको लिहू."
क्ष लिहिलं.

राहिली जंगूबाई आत्राम.
ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती.
वय? आधार कार्डावर एक जानेवारी.
गावातले सगळे म्हातारे एक जानेवारीचे.
"तुले लागन तेवढं लिही, मी काई भांडत नाई.
अन् हे शिकून का होते वं?"
माणूस कसा वाढतो ते कळतं, म्हटलं.
तिचे हात थांबले.
"मंग मले बी सांगजो.
मी का अजून वाढून राह्यली?"

रात्री प्रकरण बारा दोनदा वाचलं.
सांधे आहेत, स्मृती आहे, एकटेपण आहे.
तिचा प्रश्न कुठेच नाही.

जाताना तिनं ओंजळभर शेंगा
उघड्या वहीवर ओतल्या होत्या.
निष्कर्षाच्या जागी
हिरवा, चिकट डाग.
तशीच जमा केली.