लाकडी अंडं

स्कार्वोय बेटावर झाड नाही.
वारा आहे, दगड आहेत,
आणि बोरघिल्डनं पाखरांसाठी बांधलेली एकवीस घरं:
कुठे उलटी नाव, कुठे चार फळ्या, कुठे जुन्या चुलीचं दार,
आत वाळवलेलं समुद्रशेवाळ, हातानं झटकून, पिंजून पसरलेलं.

एप्रिल सरता सरता ईडर बदकं पाण्यातून चालत वर येतात.
माद्या पुढे. मागे नर, पांढरे, उगाच रुबाबात.
बोरघिल्ड खिडकीतून बघते. मोजत नाही.
बाळंतपणाला आलेल्या लेकी मोजायच्या नसतात, म्हणते.

मला मोजायचंच होतं.
विद्यापीठ मला त्याचेच पैसे देतं.

मे महिन्यात बेटाचे कायदे बदलतात.
कुत्रा शेजारच्या बेटावर. हातोडा बंद.
दोरीवर लाल कपडा नाही,
दाराची कडीसुद्धा ओठ मिटल्यासारखी लावायची.
माझं केशरी जाकीट तिनं दोन बोटांनी उचललं
नि गेलेल्या नवऱ्याचा कोट पुढे केला,
डांबर, तंबाखू, माशाचं तेल.
"त्यांना हा ओळखीचा आहे."
मी नको म्हटलं. प्रयोगात असं काही घुसडता येत नाही.

अंडं मीच रंगवलं होतं, शेवाळी हिरवं,
आत नखाएवढा मायक्रोफोन.
चुलीच्या दाराच्या घरातली मादी खाली उतरली
तेव्हा तिच्या पाच अंड्यांत हे सहावं ठेवलं.
परत आली. चोचीनं दोनदा उलटसुलट केलं.
मग छातीची पिसं उपटून
त्याच्याभोवतीही लावली.
पोटाला चिमटा काढणं आपण नुसतं म्हणतो;
ही पंचवीस दिवस जवळजवळ उपाशी बसते
नि वर अंगावरचंही उपटून देते,
माझ्या लाकडाला.

आलेखात तिच्या काळजाचे ठोके.
मी वीस पावलांवर: रेघ उभी चढते.
दहा पावलांवर: कागदाबाहेर.
बोरघिल्ड वाकून, गुडघ्याचा कडकड आवाज करत,
थेट घरट्यात हात घालते:
रेघ आडवी. झोपल्यासारखी.

तक्त्यात एक रकाना होता:
मानवी व्यत्यय, आहे किंवा नाही.
बोरघिल्डला कुठे लिहू?

नवव्या दिवशी मी कोट घातला.
तो मला गुडघ्यापर्यंत येत होता, बाह्या तीनदा दुमडल्या.
रेघ चढली, थबकली,
आणि अर्ध्यावरून खाली आली.
समासात लिहिलं: वास? रंग? चाल?
खाली पेन्सिलनं: तोर्लाइफ?
नंतर ते खोडलं.

जूनमध्ये पिलं आईमागून पाण्यात गेली.
समुद्री गरुडानं दोन नेली, तेही मोजलं.
बोरघिल्डनं रिकामी घरटी गोळा केली,
तारांच्या चौकटीवर घासून पिसांतला कचरा झाडत बसली.
साठ-सत्तर घरट्यांची एक रजाई होते.
"म्हणजे तीन वर्षं," ती म्हणाली, "मिंक आला नाही तर."

आता ट्रोम्सोत दिवसभर अंधार आहे.
हेडफोन लावून मी अंडं ऐकते,
मे महिना, सहाशे तास.
ठोके. ठोके. पंख सारखा केल्याची सळसळ.
आणि अठराव्या दिवशी पहाटे, ठोक्यांच्या पलीकडून,
बोरघिल्ड.

तिला सांगते आहे:
कॉफी महागली. खुबा रात्रभर ठणकतो.
मुलगा म्हणतो गावात ये, जिने नाहीत.
मग बराच वेळ काही नाही, वारा.
मग: "ती पोरगी पाय आपटत चालते, मला कळतं गं.
पण मनानं वाईट नाही. घे सांभाळून."

ठोके सारखेच. एकही चुकलेला नाही.

पडद्यावर चौकट उघडते:
पार्श्वभूमीचा आवाज आढळला. गाळायचा का?
मी खुर्ची सरकवून उठते,
कॉफी करायला,
पाय न आपटता.