जास्तीची ओळ

बुधवारी साडेसातला आम्ही जमतो
एस्तेरबाईंच्या समोरच्या खोलीत,
जालन्यात, कुंडलिकेच्या पलीकडं.
शिलाई मशीन भिंतीला सरकवायचं,
त्याच्याच फळीवर पेटी.
चौदा माणसं, कधी नऊ.
एकदा मी आणि त्या, दोघंच होतो;
तरी त्यांनी धडा पुरा घेतला,
उभं राहून, घसा खाकरून,
मागच्या रांगेलाही ऐकू जावं म्हणून.

मी रोलिंग मिलमधला माणूस.
सळई लाल निघते, तिला वळण द्यायचं.
नाताळानंतरच्या आठवड्यात ती नको तिकडं वळली
आणि डाव्या हाताची बोटं
एकमेकांना चिकटून बसली.
कुणीतरी म्हणालं, प्रार्थनेला जोडल्यासारखी दिसतात.
मी उठून बाहेर गेलो.

पेटीला दोन हात लागतात,
एक सुरांना, एक भात्याला.
चार महिने मी गीताच्या वेळी
दारातल्या चपला मोजत बसलो.
मग बाईंनी शद्रकला आणून
माझ्या डाव्या अंगाला बसवलं.
सातवीतलं पोर, गुडघ्याला खपली.
"हा भाता मारील. तुम्ही सूर बघा."
विचारलं नाही. सांगितलं.

पोराला अंदाज नाही.
कडवं संपायच्या आत वारा सरतो,
सूर खाली खाली जातो, आडात पोहरा सुटल्यासारखा,
आणि सगळे थांबतात
भाता पुन्हा भरेपर्यंत.
आमच्याकडं प्रत्येक गीताला
एक ओळ जास्तीची असते,
जिच्यात शब्द नसतात.

परवा धडा विधवेचा होता.
घरात तेलाची एक कुपी, बाकी सगळं साफ.
आणि संदेष्टा तिला सांगतो, जा,
शेजारपाजारची रिकामी भांडी मागून आण,
मागताना हात आखडू नको.
बाईंनी चष्मा काढला.
"भरलेलं मागायची लाज वाटते, खरंय.
पण रिकामं मागायला काय जातं हो?
आणि रिकामं द्यायला?"
कांताबाई निर्मळ काहीतरी बोलणार,
तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला.
टँकर. नऊ दिवसांनी.

शास्त्र उघडंच राहिलं, पानावर चष्मा.
आधी कांताबाई पळाल्या, मग आम्ही सगळे,
शेवटी बाई, काखेत घागर:
"चला, उरलेला धडा रांगेत."

रांगेत हंडे, रंगाचे डबे, कापलेली कॅन,
कुणाच्या बाळाचं न्हाणीतलं टब.
"तर मग तेल थांबलं कधी?" बाईंनी विचारलं.
शद्रक पाइपाजवळून ओरडला,
"भांडी सरल्यावर!"
"तेल सरल्यावर नाही?"
"न्हाई बाई. भांडीच सरली."
पुढं उभ्या शकिलाबी वळल्या,
"किसका तेल? हमारेकू बी बताव."
बाईंनी त्यांना गोष्ट सांगितली,
पार पहिल्यापासून, कुपीपासून.
रांग सरकली, गोष्ट सरकली.

भरलेला हंडा एका हाताला झेपत नाही.
शद्रकनं दुसरा काठ धरला.
मी लांब टांगेचा, तो आखूड,
पाणी त्याच्याकडं कलायचं,
त्याची चड्डी भिजली आणि तो हसत राहिला.
मागं कुणीतरी गीत उचललं, फारच वरच्या पट्टीत.
कांताबाईंचा आवाज फाटला.
कुणी खाली उतरवायला तयार नाही.
आणि कडवं संपता संपता,
पेटी नव्हती, भाता नव्हता,
तरी सगळे थांबले.
हंडे डोक्यावर, बादल्या हातात,
भर गल्लीत.
पाइपातून पडणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.
पुढचा शब्द मीच काढला.
कसा निघाला, माहीत नाही.

टँकर गेला तेव्हा
माझी एक बादली कोरडीच राहिली होती.
मी ती उपडी करून ठेवायला लागलो.
बाई उंबऱ्यात घागर उतरवत म्हणाल्या,
"उताणीच असू द्या.
आणि पुढच्या बुधवारी लवकर या,
शद्रकला ते दुसरं गीत शिकवायचंय."