नोंदीत नसलेलं लोखंड

मारिनुस सुरीने रंग खरवडतो,
दिवसाकाठी एकच चौकोन, नखाएवढा.
वर अग्निशामक दलाचा लाल,
खाली डेअरीचा निळा,
आणि मग, तो श्वास धरतो तेव्हा, ऑलिव्ह.
"चव्वेचाळीस," तो म्हणतो,
कुणी हाक मारावी आणि आपण ओ द्यावी तसा.

झेलंडमधल्या या गोठ्यात
फटींतून येणारा वारासुद्धा खारट.
ट्रक कॅनडाचा, स्टिअरिंग उजवीकडे,
पुढची काच खाली झुकलेली,
विमानाला चमक दिसू नये म्हणून.
हे मी त्याच्याकडूनच शिकले.
शिकले, रिकाम्या पकडीवरून हत्यार ओळखायचं:
इथे फावडं, इथे कुऱ्हाड, इथे जेरीकॅन,
भिंतीवरच्या फिकट चौकोनावरून
काढून नेलेली तसबीर ओळखावी तसं.

फक्त एक लोखंड ताकास तूर लागू देत नव्हतं.
मागच्या फळीखाली, डावीकडे,
वाकवलेली सळई, वीतभर रुंद,
वेल्डिंग असं, की अंधारात शिवलेलं काज.
मॅन्युअलात नाही.
सुट्या भागांच्या यादीत नाही.
ओटावाहून फोटो मागवले, तीनशे ट्रक,
एकालाही नाही.
दोन हिवाळे आम्ही भांडलो:
केबलचं रीळ? कंदील? बादली?
मी एकदा म्हटलं, कोंबड्यांचं खुराडं.
तो दोन दिवस बोलला नाही.

मार्चमध्ये लेउंत्ये आली, पलीकडच्या शेतावरची,
अंडी द्यायला. वय त्र्याऐंशी, पायात रबरी बूट.
बाजारात गाय बघावी तशी ट्रकभोवती फिरली.
मागे थांबली.
पाय उचलून सळईवर ठेवला
आणि तसाच राहू दिला.

"पाणी संपायचं तिथे हे उभे असायचे.
आम्हा पोरांना उचलून टाकलं वर, बटाट्यांसारखं.
पण सुईणबाई! केवढा तो देह,
आणि परक्या पुरुषाचा हात लागू देईना.
म्हणाली, बुडेन.
रात्रभर बांधावर बसली, पिशवी मांडीवर.
सकाळी ट्रक आला तेव्हा पायरी होती."

"हाच ट्रक कशावरून?" मारिनुसने विचारलं.
एक साक्ष म्हणजे पुरावा नव्हे,
हे त्याचं वाक्य मला पाठ आहे.
"नसेल हा," ती म्हणाली. "अंडी मोजून घ्या."

त्याने वहीत पेन्सिलीने लिहिलं: पायरी.
पुढे प्रश्नचिन्ह, चांगलं ठळक.

रात्री गोठ्यात दिवा दिसला म्हणून गेले.
तो जमिनीवर आडवा, सुरी सळईवर.
कडांना लाल, निळा, ऑलिव्ह, क्रमाने.
मधोमध लाल, निळा,
आणि मग थेट लोखंड,
गुळगुळीत, देवळाच्या उंबऱ्यासारखं.
डेअरीच्या आधीच कुणीतरी,
कितीतरी जणांनी, तिथला ऑलिव्ह
बुटांना लावून नेला होता.

प्रश्नचिन्ह त्याने खोडलं नाही.
थोडं लहान केलं.