तीनशे बारा होड्या

बंदी उठली त्या सकाळी हर्णैच्या सोसायटीत
डिझेलच्या खिडकीपुढे रांग, बंदरापर्यंत कॅन,
आणि माझ्या स्क्रीनवर ते गोल फिरणारं चाक.
हुसेना मुकादम म्हणाल्या, तुमचं होईस्तोवर
मी करते. वही उघडली.

कडेला कात्रीने पायऱ्या कापलेली वही.
अंगठा 'ग'वर: गंगासागर, नंबर, तांडेल, लिटर. पुढचा.
नवी होडी आली की पानं सोडवून
परत लावावी लागतात, म्हणाल्या. तेवढं पडतंच.

मी लॉग उघडला.
एकच वाक्य तीनशे बारा वेळा,
शेवटचा आकडा तेवढा बदललेला:
या होडीचा तांडेल कोण? या होडीचा तांडेल कोण?
दर खेपेला पुण्याच्या सर्व्हरपर्यंत जाऊन
एक नाव मुठीत घेऊन परत.
दापोलीत, माझ्या टेबलावर, चाचणीला बाराच होड्या होत्या.
बारा खेपा कुणाला जाणवतात?
लूप लिहिताना मी समुद्र धरलाच नव्हता.

जेट्टीच्या भिंतीला टेकून, एका काडीच्या रेंजवर
लूपमधला प्रश्न बाहेर काढला,
दोन तक्ते जोडले, हवे ते चारच रकाने मागितले,
नंबरावर इंडेक्स टाकला –
हुसेनाबाईंची कात्री, दुसरं काय.
एक खेप. सर्व्हरला चाळीस मिलिसेकंद.
मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी पाहिलं का म्हणून.

त्यांनी पाहिलं होतं. पेन यादीवरून खाली नेत
"तीनशे अकरा," म्हणाल्या. "यमुना दोरकुलकरची कुठाय?"

नवरा गेल्या मोसमात वारला. तांडेल ठरायचाय.
दीर म्हणतो मी, मुलगा म्हणतो मी, होडी अजून शाकारलेली.
माझ्या जोडणीला दोन्हीकडे नाव लागत होतं.
जिला पलीकडे कुणी नाही ती ओळ
गळून गेली.
लाल अक्षर नाही, इशारा नाही. झटपट.

हळू चालत होतं तेव्हा ती यादीत होती:
रिकाम्या हाताने परत आलेली एक खेप,
पण आलेली.

एक शब्द बदलला. डावी जोडणी:
होड्या सगळ्या येतील, तांडेल असला तर येईल.
तीनशे बारा. वेळ तेवढाच.

यमुनाबाई आल्या तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.
दोन कॅन, एकाला झाकण नव्हतं.
हुसेनाबाईंनी स्क्रीनवरचा कोरा रकाना बघितला,
मग वही बघितली. तिथेही कोराच.
"इथे करा सही," म्हणाल्या,
"मालक आहात ना."