सात घोडे

वॉर्डर स्ट्रीट, खाली किल्ल्या करणाऱ्याचं दुकान,
वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही. लिफ्ट बंद.
फिलिपा ट्रेन्टम ती दुरुस्त करून घेत नाही:
जिने चढून पैसेवाल्यांना धाप लागते,
मग ते प्रश्न कमी विचारतात.

अकरा सिनेमे. बुडीत एकही नाही.
भिंतीवर पोस्टर नाही, नुसतं कॅलेंडर,
त्यावर पेन्सिलीनं सूर्यास्ताच्या वेळा.
मी तेव्हा चहा आणि झेरॉक्स.

पान बेचाळीस: रात्र. दलदल. सात घोडे दौडत येतात.
हिशेबनीस इद्रिसनं चष्मा कपाळावर सरकवला.
म्हणाला, दोन.
नॉर्थम्बरलँडला पोचेस्तोवर एक उरला,
आणि ऐन वेळी तोही लंगडला.

फिलिपानं फोन ठेवला,
थर्मासच्या झाकणात चहा ओतला.
दार उघडं ठेवा, म्हणाली,
बाई उंबऱ्यात उभी राहील, ऐकेल.
घोडे नंतर बघू.

घोडे तळघरात झाले.
कॅलम नावाच्या पोरानं
हातांत जुने बूट चढवले
आणि परातभर चिखल रात्रभर तुडवला.

लीड्सला पडदा काळा झाला तरी
कुणी कोटाला हात घालेना.
शेजारचा म्हातारा मला म्हणाला,
पुढचा काळाच होता ना? पायात पांढरं?
मी हो म्हटलं.

सोमवारी इद्रिस पावत्या लावत होता.
गाजरं, चार किलो.
पेन थांबलं.
"घोडा तर आलाच नाही. मग खाल्ली कुणी?"

फिलिपानं मान वर केली नाही.
"बुधवारचं सूप आठव."