गरम झाल्यावर

रबाळ्याला, मढवींच्या गॅरेजात,
गाडी कधीच बंद पडत नाही.
शहाण्या मुलासारखी तासभर गुरगुरत उभी राहते
आणि मी खोटारडी ठरते.

पंप तपासून झाला, फिल्टर बदलला,
बॅटरीची टोकं घासली दोनदा.
चौथ्या खेपेला मढवी हात पुसत म्हणाले,
"चला, मीच बसतो शेजारी."

ऐरोलीच्या पुलावर, भर दुपारी,
खाली ओहोटीची खाडी, मागे टँकर,
ती गेली.
स्टिअरिंगचा दगड झाला.

"काटा बघितलात?"
त्यांचा आवाज जवळजवळ आनंदी,
"गाडी घरंगळतेय अजून, गिअरमधे,
आणि काटा शून्यावर!"

टँकरवाल्याच्या शिव्या अंगावर घेत
बॉनेटखाली कमरेपर्यंत गेले,
माझी पाण्याची बाटली
कुठेतरी खोल, थेंबथेंब रिकामी केली.
"फिरवा चावी."
लागली.

बोटाएवढा सेन्सर.
तापला की आंधळा होतो,
इंजिनाला वाटतं
आपण फिरतच नाही आहोत.

साडेअकराशेचा माल, मजुरी वेगळी.
मी कठड्याशी उभं राहून
घरी फोन लावला आधी :
बंद पडली.
हो, पुलावरच.
मढवी होते ना गाडीत!