शंभराला एक

सदतीस वर्षं मी पीडब्ल्यूडीत नकाशे काढले.
देवास रस्त्याच्या मोऱ्या, धारकडची गटारं,
बारीक निबेच्या बाणांनी
पाणी कुठं जाईल ते दाखवलं.
माझ्या अंगणातलं पाणी मात्र
परवाच्या भाद्रपदात स्कूटरच्या सायलेन्सरात शिरलं.

रस्ता वर चढत गेला, दर निवडणुकीला एक थर.
आधी तीन पायऱ्या चढून घरात यायचो,
आता एक उतरून.

त्यात ही इंदूरची काळी माती.
वैशाखात तिच्या भेगेत चमचा हरवतो,
श्रावणात फुगून भिंतीला खांदा लावते,
आणि पाणी धरून ठेवते
लग्नातला मानपान धरून ठेवावा तसं.

गेंदालाल मिस्त्री माघात आला.
माझा नकाशा त्यानं आदरानं पाहिला,
घडी करून सिमेंटच्या गोणीखाली ठेवला
आणि पिशवीतून पारदर्शक नळी काढली.
पाणी भरलं. एक टोक माझ्या हाती.
"बाईजी, हिलना मत."
तो मागच्या भिंतीशी, मी फाटकाशी,
मधे बेचाळीस फूट,
दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर.
पाण्याची वाट पाण्यालाच विचारायची!

उतार फाटकाकडे नव्हताच.
आम्ही जिला पुढची बाजू म्हणत आलो
ती जमिनीच्या लेखी मागची.

चर खणताना एक नळी निघाली,
कुठूनच कुठं न जाणारी.
ह्यांनी पुरलेली, कुठल्याशा रविवारी,
मी फार बोलले म्हणून.
गेंदालाल हसला.
मी ती पुसून माळ्यावर ठेवली.

उतार बोंद्र्यांच्या भिंतीकडे.
"उधर ही छोड़ दें? किसको पता चलेगा."
बोंद्र्यांशी अकरा वर्षं अबोला,
आंब्याच्या एका फांदीवरून.
मोह झाला, खोटं कशाला सांगू.
मग म्हटलं, अलीकडेच शोषखड्डा घे, पुरुषभर.
खाली गिट्टी, वर विटांचे तुकडे, वर वाळू,
तिथवर जाळीत गुंडाळलेला भोकांचा पाईप.
उतार? शंभराला एक.

संध्याकाळी दोन बादल्या ओतल्या.
पाणी थबकलं.
आम्हीही.
मग गेलं.

भिंतीवरून बोंद्रे बघत होते.
"कितीला पडलं?"
मी आकडा सांगितला,
जरा कमी करून.